मागे राहिलेला पट्टा

दादा,

डॉक्टर म्हणाले, कॅन्सर यकृतापर्यंत पसरलाय आणि आता थांबणारा नाही. मी मान डोलावली आणि दुकानात येऊन तीन दाढ्या केल्या. सांगायला घरी आहे कोण?

औषधानं केस गळू लागले, तेव्हा शटर ओढून स्वतःच वस्तरा फिरवला. मागे मात्र हात पोचेना. आपलं दुकान एक होतं तेव्हा तू माझे केस कापायचास, मी तुझे. भांडलो, आणि तेही सुटलं.

डोक्यामागे एक पट्टा तसाच राहिलाय. न्हाव्याच्या डोक्यावर टोपी बघून गिऱ्हाइकं हसतात.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं, तर तू वस्तरा घेऊन येशील आणि मला हुंदका फुटेल. वस्तऱ्याखाली हलायचं नाही, हे तूच शिकवलंस.

तुझा धाकटा