अर्धी सुटलेली बांधणी

प्रिय सुमनताई,

उद्या अमरावतीच्या कोर्टात मला तुझी साडी ओळखायची आहे. ती लाल सुती बांधणी. म्हणून आज अकोल्यातलं माझं साड्यांचं दुकान बंद ठेवून लिहायला बसले. अंगाची नुसती आग होतेय, अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

तुझा नवरा पोलिसांना म्हणाला, साडी नेसताना ती स्टुलावरून पडली. आणि डोक्याला जखमा तीन! एकदा पडलेलं माणूस तीनदा फुटतं का गं? भाऊजी म्हणायचे मी त्याला. माझ्या जिभेलाच चटका द्यावासा वाटतो.

त्या मेल्याला एवढंही ठाऊक नाही, की ती साडी नेसण्याजोगी नव्हतीच. अस्सल बांधणी दुकानात गाठींसकट येते. दोघींनी टोकं धरून ओढली की दोरे तडातड सुटतात. तुझी अर्धीच सुटली होती. उरलेलं कापड गाठींनी वीतभर आकसलेलं. अशी साडी कोण नेसेल? आणि तीही तू, पोरींना साडी नेसायला शिकवणारी?

अर्धीच का राहिली, ते आपल्या दोघींना आणि आईला ठाऊक आहे. दुकानात मी गमतीनं जोरात ओढलं आणि तू किंचाळलीस. मी तुझी बाही वर केली, तर दंड काळानिळा, पट्ट्याचे वळ, मनगटावर दात उमटलेले.

बांधणीवर लांब बाह्या, बंद गळा! तुझी ही स्टाईल बघून अमरावतीच्या पोरी तसेच ब्लाऊज शिवायच्या. मीही गिऱ्हाइकांना तुझे फोटो दाखवायचे. मे महिन्यात लांब बाह्या कशाला, हे एकदाही विचारलं नाही मी. तू तरी का लपवलंस गं?

"मले परत नको पाठवू वं. मारून टाकीन तो मले," तू म्हणालीस.

"तुह्या पोरीकडं पाहून सांभाळून घे. लोकं काय म्हणतीन?" आई म्हणाली.

आणि मी? साडी पिशवीत कोंबून म्हणाले, "बाकीच्या गाठी घरी सोडजो." चौथ्या दिवशी फोन आला, तू गेल्याचा.

आई आता म्हणते, "साडीचं सांग, पण हाताचं काहून सांगतं? आपनच पाठवलं तिले."

मी दोन्ही सांगणार आहे. आई बोलणं टाकेल, टाकू दे. आणि कोणी विचारलं, तिला परत कोणी पाठवलं, तर मान खाली न घालता सांगेन, मी. त्या दिवशी तू अमरावतीच्या बसमधून उतरत होतीस, मीच तुला परत आत ढकललं.

तुझी धाकटी,
मंदा