मोडक्या पट्टीची पेटी

मंगळवार, संध्याकाळ. घाटकोपर

ऑनलाइन लिलावात फसलेल्या माझ्यासारख्या शहाण्यांनो, आपलं दुःख एकच: पैसे गेले, वर सांगायचीही चोरी.

दादाच्या भजनासाठी जुनी पेटी घ्यायची होती. फोटोत तिची एक पांढरी पट्टी मोडलेली. लबाड माणूस दोष कशाला दाखवेल, असं वाटलं. बोली जिंकलो. मग विक्रेता म्हणाला, पैसे साइटबाहेर पाठवा. तिथेच थांबायला हवं होतं. पण आमच्या गणपती मंडळात नारळाचा लिलाव होतो, तिथे बोली लावून कुणी मागे फिरत नाही. मीही फिरलो नाही, पैसे पाठवले. आता त्याचा फोन बंद.

बायको म्हणाली, "अहो, मागे फिरला असतात तर गणपती रुसला असता? मंडळाच्या सभेत गर्जता, आणि पोलिसांत जायला लाज?"

वाटते लाज. दादा रोज विचारतो, "पेटी कधी येतली रे?" लाकूड तासून त्याने नवी पट्टीही तयार ठेवलीय. त्याला काय सांगू?

पैसे परत येतील असं अजिबात वाटत नाही. पण ती मोडकी पट्टी उद्या आणखी कुणाला भुलवेल. ऊठ शहाण्या, सायबर पोलिसांत तक्रार दे. आत्ताच.