एक मूठ म्हणजे किती ग्रॅम

४ जानेवारी, सकाळी १०
संकल्प. तीन महिन्यांत ताईच्या सगळ्या रेसिपीज लिहून काढायच्या. मोजूनमापून, वर्गवारी करून, सुवाच्य अक्षरात. पहिल्या पानावरचा मजकूर आत्ताच तयार आहे: ‘या रेसिपीज माझ्या मोठ्या बहिणीच्या. तिच्या हाताला जी चव आहे ती आमच्या नात्यागोत्यात दुसऱ्या कोणाच्याही हाताला नाही. तिने आयुष्यात एक ओळ लिहून ठेवली नाही, म्हणून धाकटीने हा उद्योग केला.’
एकतीस वर्षं शाळेची लायब्ररी सांभाळली. नऊ हजार पुस्तकं जागच्या जागी. एका बाईचा स्वयंपाक म्हणजे किस झाड की पत्ती.
घाई अजिबात नाही. ताईला नोव्हेंबरपासून जरा अशक्तपणा आहे, दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात जाऊन सलाईनमधून औषध घ्यावं लागतं, एवढंच. घरी पडूनच आहे तर तिचाही वेळ जाईल. दुसरं काही कारण नाही.

६ जानेवारी
स्टेशनरीच्या दुकानात गेले. लायब्ररीत वापरायचो तसली जाड कार्डं मागितली, पाचशे. दुकानदारानं शिडी लावून माळ्यावरून काढली, फुंकर मारली, दोघंही शिंकलो. म्हणाला, बाई, हल्ली हे कोण घेतं, मोबाइलवर लिहा की. त्याला म्हटलं, पिठाच्या हातानं मोबाइल धरून दाखव.
हे विचारत होते, पाचशे? ताईला तरी येतात का पाचशे पदार्थ? आमच्या ह्यांना नियोजन कशाशी खातात ते माहीत नाही.

९ जानेवारी
वर्गवारी पूर्ण. पाच मुख्य विभाग: भात, भाज्या, रस्से, गोड, टिकाऊ. प्रत्येकाला क्रमांक, पोटक्रमांक. ‘हेही पाहा’ची कार्डं वेगळी, निळी.
त्याच झपाट्यात स्वयंपाकघरातल्या बरण्यांवरची नावं काढून क्रमांक लावले. साखर ५.१, मीठ ५.२. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या की वस्तूला नाव नसलं तरी चालेल, जागा हवी. ह्यांचा सकाळचा चहा खारट झाला. सवय होईल.
रेसिपी अजून एकही नाही. पण पाया पक्का.

१२ जानेवारी, दुपारी ४
पहिली बैठक. ताई खिडकीपाशी, उशीला टेकून. डोक्याला रुमाल. रंग जरा उतरलाय, पण थंडीत सगळ्यांचाच उतरतो.
बटाट्याच्या रश्श्यापासून सुरुवात केली. बटाटे किती? असतील तेवढे. तेल? पुरेल एवढं. मीठ? चवीपुरतं. किती मिनिटं शिजवायचं? म्हणाली, मी कधी घड्याळ बघून चूल पेटवलीय का, वास आला की कळतं. कसला वास? झाल्याचा वास.
भावोजी दारात उभे होते. म्हणाले, त्रेचाळीस वर्षं मी विचारतोय यात काय घातलंस म्हणून, मला म्हणते, जेवा मुकाट्यानं. तुम्हाला निदान उत्तरं तरी देतेय.
दोन तासांनंतर कार्डावर एक शब्द: बटाटे.

१५ जानेवारी
युक्ती सुचली! ताईचं सगळं माप मुठीत असतं. दोन मुठी हे, अर्धी मूठ ते. मग मूठच मोजायची. वजनकाटा पिशवीत घालून बसनं घेऊन गेले. ताईच्या हातात तांदूळ दिले, म्हटलं, मूठ धर. तिनं धरली. काट्यावर सोडायला लावली. अडतीस ग्रॅम.
ताई एवढी हसली की खोकला लागला. म्हणाली, नाकसुद्धा मोजून ने गं, वासाचं माप लागेल. भावोजींना हाक मारून सांगितलं, बघा, शिकलेल्या बायका कशा वागतात.
हसो. एक ताई-मूठ = ३८ ग्रॅम. आता सगळं गणितात बसेल.
शिकलेल्या बायका म्हणाली खरी. आई गेली तेव्हा ताई सोळाची, मी दहाची. ताईनं शाळा सोडून घर हातात घेतलं आणि मी कॉन्व्हेंटात राहिले. तिला तशीही अभ्यासाची आवड नव्हती. ती स्वतःच कायम सांगते.

२८ जानेवारी, संध्याकाळी
सोन्याच्या अक्षरांत लिहावं असा दिवस.
कार्डाबरहुकूम रस्सा केला, ग्रॅमवर. ताई करताना कधी चाखत नाही, म्हणून मीही चाखला नाही. पद्धत बदलली की चव बदलते. डबा मांडीवर धरून बसनं नेला. ताईनं घास घेतला, सावकाश गिळला आणि म्हणाली, छान जमलंय.
छान! मी लग्नानंतर पहिल्यांदा तिला जेवायला बोलावलं तेव्हा ती म्हणाली होती, भूक लागली की सगळं गोड लागतं. पुढची छत्तीस वर्षं त्याहून बरं काही म्हणाली नाही. आज छान. तिच्या देखत कार्डावर लाल शाईनं बरोबरची खूण केली.
घरी ह्यांनी उरलेला रस्सा खाल्ला आणि तीन पेले पाणी प्यायले. ह्यांना ब्लडप्रेशरमुळे मीठ कमी खायची सवय, त्यामुळे ह्यांचं मत धरत नाही.

११ फेब्रुवारी
नऊ कार्डं, नऊ खुणा. कोबी: छान. डाळ: अगदी बेतशीर. भोपळ्याचं सूप: असंच हवं.
एकाही पदार्थाला नाव ठेवलेलं नाही. काही माणसांचा हात उशिरा बसतो, त्यातली मी असणार. ताई दोनतीन घासच खाते, पण चवीच्या माणसाला तेवढे पुरतात. हे आजकाल दुपारचे मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जातात आणि जेवूनच येतात. बुद्धिबळाची एवढी आवड कधी लागली कोण जाणे.

१८ फेब्रुवारी
किरकोळ अडचण. भाताचा विभाग सुरू करण्याआधी मूठ पुन्हा मोजली, तपासणी म्हणून. एकोणतीस ग्रॅम.
काट्याचा सेल उतरला असणार. येताना नवा घातला, घरी साखरेच्या पुडक्यानं तपासला. काटा बरोबर. मग तांदूळच हलके असतील, या वेळी दुसऱ्या दुकानातून घेतले होते.
सरासरी काढली: साडेतेहतीस. सगळी कार्डं दुरुस्त करावी लागतील. दोन संध्याकाळी जातील. चालायचंच.

४ मार्च
एकवीस.
ताईला म्हटलं, अगं, नीट घट्ट धर की. म्हणाली, घट्टच धरलीय गं.
सरासरी काढली नाही. बस चुकली, चालत घरी आले.

९ मार्च, सकाळी ११
कार्ड क्र. १७, तांदळाची खीर. सकाळी लवकर उठून केली आणि गरम गरम नेली. ताईनं चार चमचे खाल्ले. चार! या महिन्यात कशाचेच खाल्ले नव्हते. म्हणाली, हिचं कार्ड कर, फार छान. नर्सबाई ताईचं इंजेक्शन द्यायला घरी येतात, त्या तिथेच होत्या. मी आनंदात त्यांनाही वाटी दिली.
त्यांनी चमचा तोंडात घातला, तोंडावर हात धरला आणि मोरीत गेल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, अहो बाई, यात साखर नाही, मीठ आहे, मूठभर मीठ.
बरण्या ५.१ आणि ५.२.
मी म्हटलं, असं कसं होईल, ताईनं आत्ता चार चमचे खाल्ले. नर्सबाई म्हणाल्या, त्यांना कळणार कसं, या औषधांनी जिभेची चव जाते, यांची तर पहिल्या डोसालाच गेली. नोव्हेंबरातच. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?
ताई खिडकीबाहेर बघत होती. भावोजी म्हणाले, मी वाट्या धुऊन टाकतो. आणि गेले.

१० मार्च
शांतपणे विचार केला. चव म्हणजे काही नुसती जीभ नव्हे. ज्या बाईनं पन्नास वर्षं स्वयंपाक केला ती रंगावरून, वासावरून सांगू शकते. तेव्हा खीर वगळता सोळा खुणा ग्राह्य धरायला हरकत नाही.

दुपारी १२.
ह्यांना विचारलं, खरं सांगा, रस्सा कसा होता. हे बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, कार्डं मात्र सुंदर झालीत.

दुपारी ३.
ताईला फोन केला. विचारलं, का म्हणायचीस छान छान? म्हणाली, चव कळत असती तर म्हटलं असतं का?
दोघी खूप हसलो. फोन कोणीच ठेवला नाही.

१७ मार्च
आज पेन काढलं नाही. ताईच म्हणाली, कार्डं दाखव. एक एक हातात घेऊन वाचत होती. कार्ड जड होतं की काय, मध्येच गादीवर ठेवून वाचायची. कडेचे क्रमांक कसे लावलेत ते विचारलं. मी समजावून सांगितलं, तर पुढच्या तीन कार्डांचे क्रमांक तिनं न बघता सांगितले. अचूक. पोटक्रमांकासकट. मला लायब्ररीत हाताखालच्या मुलींना शिकवायला आठवडा लागायचा.
म्हणाली, मला आवडलं असतं गं हे काम. वर्गात पहिली यायचे मी.
मी म्हटलं, तू तर नेहमी सांगतेस की तुला अभ्यासाचा कंटाळा होता. म्हणाली, तसं नसतं सांगितलं तर तू शाळेत गेली असतीस का? रडूबाई होतीस एक नंबरची.
मग डोळे मिटून पडून राहिली. पाय चेपून दिले. पावलं गार होती. मोजे आणायला हवेत.

२ एप्रिल
नवा संकल्प. आधीची सतरा कार्डं रद्द. रडत बसण्यात अर्थ नाही. लायब्ररीला एकदा वाळवी लागली होती तेव्हाही यादी पहिल्यापासूनच केली होती.
आता योग्य पद्धत: मे महिन्यात ताई उठून बसली की तिच्याच स्वयंपाकघरात, तिचीच भांडी. ती करणार, मी शेजारी उभी राहून लिहिणार. मूठ नव्यानं मोजायची. वेळापत्रक तयार आहे: सोमवारी रस्से, मंगळवारी भाज्या, बुधवारी सुट्टी, कारण ती दमेल. भावोजींना दाखवलं. त्यांनी नीट वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मी म्हटलं, अहो, ती माझी एकच प्रत आहे. म्हणाले, राहू दे माझ्याकडे.
ताई हल्ली बराच वेळ झोपते. विश्रांती चांगलीच.

११ एप्रिल
सकाळी सव्वासातला ताई गेली.
मी बसमध्ये होते. मांडीवर डबा होता.

२६ एप्रिल, दुपारी
भावोजी पंधरा दिवस पाव आणि दुधावर आहेत असं शेजारणीकडून कळलं. असं चालणार नाही. बटाट्याच्या रश्श्याचं कार्ड क्र. १ पिशवीत घेऊन गेले, पण काढलं नाही. भावोजी बाहेर गेले होते, किल्ली शेजारणीनं दिली. ताईचं स्वयंपाकघर, ताईचं पातेलं. तेल तिच्याच किटलीतलं. या वेळी काटा नेला नाही, क्रमांक नाहीत, काही नाही. तिनं कधीकधी बोलता बोलता सांगितलेलं आठवत गेले. तीनदा चाखला. पातेल्याशी नाक नेऊन उभी राहिले. एका क्षणी एक वास आला आणि मी गॅस बंद केला. अगदी तोच वास. माझी खात्री होती.
भावोजी परत आल्यावर त्यांना पान वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला. मी ओट्याला धरून उभी. त्यांनी दुसरा घेतला. सगळा रस्सा संपवला, वाटी बोटानं पुसून घेतली. ते असे कधीच जेवत नाहीत.
मग अगदी आदरानं म्हणाले, चांगलं आहे हो. कुठून मागवलंत?
मी म्हटलं, आमच्या कोपऱ्यावर एक नवीन दुकान निघालंय.