स्टँडमागची भिंत

सोम., ५ जाने.
कौसाबाई नगरपालिकेत, माझ्या ऑफिसात आली. स्टँडमागच्या भिंतीलगत बारा-तेरा बाया भाजी घेऊन बसतात, त्यातली ही सगळ्यात जुनी. दुपार कलली की तिथं प्लास्टिकचे ग्लास घेऊन टोळकं बसतं, आणि भिंतीकडे तोंड करून तर दिवसभर कुणीही उभा राहतो. काल एकजण तिच्या पाटीशेजारीच.
"बाई, मेथीवर शितोडे आले. फेकून दिली सगळी. आता अर्ज ल्ह्या."
लिहिला. सही करायला तिला दोन मिनिटं लागली. साहेबांपुढे ठेवला. नवे मुख्याधिकारी, तरुण आहेत, हुशार आहेत. म्हणाले, लगेच कारवाई करू. बरं वाटलं खरं तर.

गुरु., ८ जाने.
बोर्ड लागला. 'येथे लघवी करण्यास सक्त मनाई.' संध्याकाळी जाऊन पाहिलं तर बोर्डाखाली ओल. डॅनियल, आमचा मुकादम, म्हणाला, "मॅडम, आडोसा झाला त्यांना." हसूही येईना.

सोम., १२ जाने.
पथक. मी, डॅनियल आणि उसना मागितलेला एक पोलीस. आम्ही दिसताच टोळकं शाळेमागे गेलं. सापडलं कोण, तर रिटायर झालेले एक गुरुजी. माझ्या धाकट्या भावाला शिकवलेले. हात जोडून उभे.
"शुगर आहे हो मला. थांबवत नाही. जायचं कुठं?"
सार्वजनिक शौचालय समोरच आहे. त्याला कुलूप आहे. ठेकेदार बदलल्यापासून. मी दंडाचं पावतीपुस्तक पिशवीत घातलं. गुडघे फार दुखताहेत.
आम्ही वळलो तसं टोळकं परत जागेवर.

बुध., १४ जाने.
संक्रांत. कौसाबाईनं तिळगूळ दिला. बोलता बोलता विचारलं, तुम्ही बाया कुठं जाता गं? तर म्हणे, "जातो कशाला? सकाळी निघताना पानी बंद करायचं ते घरी गेल्यावरच प्यायचं."
अकरा वर्षं मी या स्टँडवर तपासणीला येते. आज विचारलं.

बुध., २१ जाने.
साहेबांची कल्पना. भिंतीवर देवांच्या फरशा. सगळ्या धर्मांच्या आणल्यात, कुणी बोट दाखवायला नको. डॅनियलनं सगळ्या बसवल्या. क्रॉसची तेवढी बाजूला ठेवली. "हिला नका लावू मॅडम. माझ्या देवाला मुतारीवर पहारेकरी कशाला नेमायचं?" मग बाकीच्यांचं काय, असं मनात आलं. त्याची फरशी कपाटात ठेवली.

शनि., २४ जाने.
शेवटच्या फरशीपासून दहा पावलांवर नवीन जागा सुरू झाली. फरशांसमोर ग्लास तसेच.
कौसाबाई : "आता देवाम्होरं पितेत, येवढाच फरक."

बुध., २८ जाने.
वाईट दिवस. दुपारी एक फरशी फुटलेली दिसली आणि पाहता पाहता दोनशे माणूस जमलं. घोषणा. कुणाचं तरी नाव घेऊन 'त्यांच्या गल्लीत चला' सुरू झालं. बायांच्या पाट्या पायाखाली. पोलिसांची गाडी यायची होती. मी भिंतीला पाठ लावून उभी.
कौसाबाई टोमॅटोच्या क्रेटवर चढली. साठीच्या पुढची बाई. "आरं थांबा की! टेम्पो मागं घेताना धडकला. म्या डोळ्यानं बघितलं. त्यो बघा, त्याच्या फाळक्याला भिंतीचा चुना हाय अजून!"
टेम्पो स्टँडातच उभा होता. चुना होता. गर्दी हळूहळू कमी झाली. कुणी तिला चांगलं केलंस म्हणालं नाही. ती खाली उतरून चेंदलेली कोथिंबीर निवडत बसली.

शुक्र., ३० जाने.
मीटिंग. फरशा काढायच्या. भिंतीलगत जाळी. आणि 'गर्दीचे मूळ' म्हणून भाजीवाल्यांना मार्केट यार्डामागे हलवायचं. तिथं कुत्रंही फिरकत नाही. नोटिसांचा मसुदा हातात आला. संदर्भ : नागरिकांचा ५ जानेवारीचा तक्रार अर्ज.
पुन्हा वाचलं. तोच अर्ज. माझं अक्षर.

सोम., २ फेब्रु.
साहेबांना म्हटलं, सर, तक्रार त्यांची होती, तक्रार त्यांच्याविरुद्ध नव्हती. शौचालय उघडू, देखरेखीला एक बाई नेमू.
"टेंडरशिवाय? मॅडम, जागा मोकळी झाली की प्रश्नच राहत नाही." मग अगदी गोड आवाजात, "दोनच वर्षं राहिलीत ना तुमची?"
चहा मागवला माझ्यासाठी. प्याले.

मंगळ., ३ फेब्रु.
नोटीस द्यायला गेले. कौसाबाई म्हणाली, वाचून दावा. वाचली. संदर्भाच्या ओळीला थांबले.
"म्होरं वाचा की."
वाचलं.
बराच वेळ ती पालकावर पाणी शिंपडत राहिली. "म्हंजे माझ्याच सहीनं मला उठवलं व्हय."
शेजारची पेरूवाली करवादली, "तुला कुनी सांगितलं हुतं अर्जाला जायला? आमी बसलो हुतो न्हवं गप?" कौसाबाई पालकाच्या जुड्या लावत राहिली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
सही कुणीच केली नाही. नियमानं मी नोटिसा भिंतीवर चिकटवायला हव्या होत्या. परत घेऊन आले. ऑफिसात सांगितलं, बाया भेटल्या नाहीत. नोकरीत पहिल्यांदा इतकं उघड खोटं.

शुक्र., ६ फेब्रु.
डॅनियलच्या हातून नोटिसा लागल्या. माझ्याकडे बघत नव्हता. सोमवारी दहाला जेसीबी.

रवि., ८ फेब्रु.
कौसाबाई घरी आली, पहिल्यांदाच. पेरूवालीही बरोबर. आत या म्हटलं तरी दोघी दारातच. उद्या सगळ्या मिळून नगरला कलेक्टर ऑफिसला जाणार आहेत, पहिल्या एसटीनं.
"तुमी संगं चला. आमी सांगतो ते खरं हाय, येवढंच म्हना. दुसरं काय बी नगं."
मी म्हटलं, माझी नोकरी आहे गं.
"ठावं हाय." तेवढंच. पाणी विचारलं तर दोघी तांब्याभर प्याल्या. गेल्या.
रजेचा अर्ज लिहायला घेतलाय. तारीख घातली, नाव घातलं. 'कारण'पाशी मघापासून पेन टेकवून बसलेय. पहिली गाडी पावणेसातची.