पोटऱ्यांचं दुखणं

ताई,

हे पत्र मी टाकणार नाही, कारण तू गावभर करशील.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने माझ्या पोटऱ्या दुखायच्या. शेजारी एकटेच राहणाऱ्या घड्याळजींचंही तेच. मग रोज संध्याकाळी आम्ही बागेत लंगडत, गोळीला शिव्या घालत फिरायचो. हे गेल्यापासून मी एवढी हसले नव्हते.

पुढे डॉक्टरांनी माझी गोळी बदलली आणि दुखणं पळालं. तरी मी लंगडतेच! बरी झाले म्हटलं, तर घड्याळजी म्हणतील, "तुम्ही व्हा पुढे."

काल सकाळी खिडकीतून पाहिलं, तर घड्याळजी बसमागे चक्क धावत होते. संध्याकाळी मात्र बागेच्या फाटकाशी कण्हत उभे.

"आज फारच दुखतंय हो."

"माझंही," मी म्हटलं. "सावकाश एक फेरी जास्त मारू या."

तुझी,
धाकटी