दुसऱ्या फेरीआधी

प्रिय रंजीता,

परवापासून मी तुझा फोन उचलत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू बोलायला लागलीस की मी विरघळते, सावली गावच्या शाळेपासूनची सवय आहे. म्हणून लिहायला बसले. घुग्घुसला सगळं तसंच आहे. सकाळी पुसलेली गाडी दुपारपर्यंत पांढरी होते, आईचा खोकला थंडीत वाढलाय, आणि आमची सिमेंटची भट्टी दिवाळीपासून एकदाही बंद पडलेली नाही.

त्या भट्टीवरूनच सगळं सुरू झालं. गेल्या उन्हाळ्यात तू नागपूरच्या हेड ऑफिसातून आलीस आणि ओसरीत पन्हं पीत वैतागून सांगत होतीस, की कंपनीचे सगळे प्लांट एकमेकांशी ताडून पाहायचे, जिथे चांगलं चालतं तिथली पद्धत बाकीच्यांना शिकवायची, हे तुझं काम. पण फॉर्म फिरतात, सल्लागार येतात आणि अहवाल हाती पडेपर्यंत त्यातलं निम्मं शिळं झालेलं असतं. मी म्हटलं, लोक उशीर लावतात कारण त्यांना भीती वाटते. ती काढ, मग फोनवरसुद्धा सांगतील. तू माझा हात धरून म्हणालीस, "नाव कोणाचंच बाहेर जाणार नाही. माझा शब्द."

तो शब्द मी माझा म्हणून वाटला गं. प्रत्येक प्लांटच्या भट्टीवाल्यांना मीच फोन केले. पहिल्यांदा बोलला तो पलीकडच्या प्लांटचा प्रफुल. आरमोरीचा मुलगा, मला ताई म्हणतो. आधी नाईच म्हणत होता. मग त्याने सांगून टाकलं: भट्टी बंद पडली की लवकर सुरू करा म्हणून वरून घाई होते, आम्ही ती भसाभस तापवतो, आतल्या विटा तडकतात आणि ती पुन्हा बंद पडते. कागदावर मात्र विटाच हलक्या प्रतीच्या होत्या असं लिहितो. रंजी, सगळीकडे हेच चाललं होतं, आमच्याकडेही. तो बोलला म्हणून बाकीचे बोलले. सगळ्यांनी भट्ट्या सावकाश तापवायला घेतल्या, आणि ज्याला एरवी वर्ष लागलं असतं ते पावसाळा सरेपर्यंत झालंसुद्धा. तेव्हा तुझ्याइतकीच मीही हरखले होते.

मग नागपूरची सभा. चांगली साडी नेसून मी पुढे बसले होते. पडद्यावर प्लांटची उतरती यादी आली. आमचा सगळ्यात वर, प्रफुलचा तळाला, आणि त्याखाली त्याचं बोलणं, त्याच्या नावासकट. घाई करणाऱ्या साहेबांचं नाव कुठेच नव्हतं. तुला फुलांचा गुच्छ मिळाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं तर प्रफुल मागच्या रांगेत गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घालत होता.

जेवणाच्या वेळी मी तुला गाठलं. तू म्हणालीस, "वरून नावं मागितली, उर्वशी. बेंचमार्किंग म्हणजे शेवटी तुलनाच असते ना?" आणि माझ्या ताटात बर्फी वाढलीस. तुझ्या चेहऱ्यावर थोडा जरी अपराधीपणा दिसला असता तरी मी घरी जाऊन रडून मोकळी झाले असते. तू तर पुढच्या माणसाशी हसून बोलायला लागलीस.

प्रफुलला भट्टीवरून काढलं आणि राजस्थानच्या प्लांटला पाठवलं. तो निघण्याआधी मी आरमोरीला गेले. धानाची मळणी चालू होती, त्याच्या आईने, गुणाबाईंनी, अंगावरचा भुसा झटकत मला चहा दिला. त्या विचारत होत्या, "तिकडे भात भेटते का, बाई?" प्रफुल मला गाडीपर्यंत सोडायला आला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, तुमी म्हनलं म्हनून बोललो मी." घुग्घुसपर्यंत मी ते ऐकत आले. आता कुठल्याच प्लांटमधून मला फोन येत नाहीत. मी केला तर हवापाण्याचं बोलून ठेवून देतात.

आणि परवा तुझा मेसेज आला, की दुसरी फेरी सुरू करायची आहे, याहून वेगाने, आणि लोकांचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून या भागाचं काम तू माझ्या नावावर टाकलं आहेस. रंजी, मी ते करणार नाही. शिवाय काल मी संचालकांना लिहून कळवलं आहे, की प्रफुल नाव गुप्त राहण्याच्या शब्दावर बोलला होता, तो शब्द तू दिला होतास, मी पोचवला होता, आणि त्याला परत भट्टीवर आणावं. सोमवारी ते तुला बोलावतील. माझं काय होईल ते होवो. पण तुझ्याबद्दल चारचौघांत काय बोललं जाणार आहे, ते तुला आधी कळायला हवं. प्रफुलला कोणी तेवढंही कळवलं नव्हतं. म्हणून हे पत्र.

अजूनपर्यंत तुझीच,
उर्वशी