तांदळावर लिहिलेलं नाव

चोपडा, १२ जुलै १९९३

पीएच.डी.साठी आज जळगावला विद्यापीठात जाऊन आले. शिक्षणशास्त्रातले माझे एम.फिल.चे पेपर इथे धरतील, पुन्हा द्यावे लागणार नाहीत, असं मार्गदर्शक सर म्हणाले होते. पण गुणपत्रिकेवर नलिनी आणि अर्जावर सुरेखा. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने सुरेखा लिहिलं, तेव्हा कुणाच्या डोक्यात होतं हे!

क्लार्क म्हणाले, "बाई, आडनाव बदललेलं चालतं हो. इथे तर अख्खी बाईच बदललीय. प्रतिज्ञापत्र आणा."

घरी सासऱ्यांना, नानांना सांगितलं तर ते हसले. "ती बी तूच शे ना? मंग?"

खरंच ती मीच आहे का? नलिनी पुण्यात दिवे लागेपर्यंत ग्रंथालयात बसायची. कुणाला न विचारता.

एक गोष्ट मात्र घरात कुणालाच सांगितली नाही. कागद परत द्यायला शिपाई व्हरांड्यात आला आणि ओरडला, "नलिनी कोण?" आई गेल्यापासून ह्या नावाने मला कुणी हाक मारलेली नाही. मी समोरच्याच बाकावर होते. स्पष्ट ऐकू आलं. तरी उठले नाही.

त्याने पुन्हा एकदा हाक मारावी म्हणून.